कडुनिंबाचा पाला आणि दुबईचा बटाटा

इंदापूर-बारामतीकडची बाई निर्यातीच्या कामात होती म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "द्राक्षं का?" द्राक्षं नाही म्हटलं की डाळिंब. डाळिंबही नाही म्हटलं की त्याची गाडी थांबते. मग मी सांगते, बटाटा. यावर लोक हसतात. मला त्याचं काही वाटत नाही. नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा मीच हसले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेतीची पदवी घेऊन मी नोकरी शोधत होते. वडील शाळेत शिक्षक होते आणि मुलीने बँकेत चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मला बँकेच्या काउंटरमागे बसायचा कंटाळा येईल हे मला आधीच माहीत होतं. भिगवणच्या अलीकडे हमरस्त्याला लागून आबांची शेड होती. आबा म्हणजे मोठे द्राक्षबागायतदार. द्राक्षं परदेशी पाठवायची म्हणून त्यांनी शेड बांधली, शेजारी थंड खोली केली, आणि मग लक्षात आलं की आजूबाजूचा माल एवढी मोठी शेड भरायला पुरत नाही. अर्धी शेड रिकामी पडायची. रिकाम्या शेडला वीजबिल मात्र भरल्या शेडचंच येतं. वाशीच्या बाजारातले दलाल कासमभाई एकदा द्राक्षं बघायला आले आणि रिकाम्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाले, "आबा, इधर आलू भरो. दुबईवाला मागतोय."

असं ते सुरू झालं. आबांनी मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "हे बघा, मला बटाट्यातलं काय कळत न्हाय, तुमाला शिकून बी कळत आसंल का न्हाय ठाऊक न्हाय. एक कंटेनर पाठवून बघू. नीट पोचला तर शेडची ही बाजू बटाट्याला. न्हाय पोचला तर कुलूप. बाया बी घरी, तुमी बी घरी."

बाया म्हणजे मालाची निवड करणाऱ्या पंचवीसेक बायका. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. त्यातल्या बहुतेकींना याआधी हिवाळ्यात एकच काम असायचं, उसाच्या फडात. शेडमधलं काम सावलीतलं, बसून करायचं, आणि अंगाला पाचट कापत नाही. ते त्यांना हवं होतं. मलाही माझी नोकरी हवी होती. त्या एका कंटेनरवर एवढं सगळं होतं.

आता बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावून सांगायचा तर थोडक्यात असा. आपल्या देशात बटाटा उदंड पिकतो आणि आपणच तो खाऊन टाकतो. बाहेर जातो तो चिमूटभर. उत्तरेतला बटाटा थेट शीतगृहात जातो. आमच्याकडचा फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीतून ताजा निघतो आणि बंदर एका रात्रीच्या अंतरावर. आखातातल्या दुकानांत बटाटा इजिप्तचा असतो, पाकिस्तानचा असतो, हॉलंडचा असतो. यांपैकी एखाद्याचा माल संपलेला आणि दुसऱ्याचा आलेला नसतो तेव्हा मध्ये एक फट पडते. आम्ही त्या फटीतून आत शिरायचं. फट किती दिवस उघडी राहील हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय इकडे आपल्या बाजारात भाव चढला की कुणी निर्यातीचं नाव काढत नाही, आणि भाव पडला की उभ्या देशाला एकदम दुबई आठवते.

गिऱ्हाइकंही एकेक. कोलंबोचा एक व्यापारी लाल सालीचाच बटाटा मागायचा. आमच्याकडे लाल सालीचा पिकत नाही असं कळवलं, तर त्याने कासमभाईंकरवी विचारलं, लाल मातीत लावला तर? दुबईच्या माणसाला बटाटा मोठा हवा, गुळगुळीत हवा आणि त्याला डोळे कमी हवेत. खुद्द कासमभाई खिशात पांढरा रुमाल ठेवायचे. ढिगातला कुठलाही बटाटा उचलायचा, रुमालावर घासायचा आणि रुमाल वर धरून बघायचा. डाग दिसला की म्हणायचे, "मॅडम, ये तो खेत है. मला बटाटा पायजे."

त्यांचं बरोबर होतं. परदेशी जाणाऱ्या मालावर माती चालत नाही. मातीबरोबर किडे जातात, रोग जातात, म्हणून प्रत्येक देश माती अडवतो. आणि आमची जमीन काळी. ती बटाट्याला अशी चिकटते की जणू नात्यातलीच. पहिल्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा साखराबाई उठल्या आणि बादली घेऊन नळाकडे निघाल्या.

साखराबाई आमच्या शेडमधल्या सगळ्यात ज्येष्ठ. कपाळावर मोठं कुंकू, कमरेला चुन्याची डबी, आणि कुठलंही काम अर्धवट दिसलं की तोंडाचा पट्टा सुरू.

"बटाटे धुवायचे नाहीत," मी म्हणाले.

"धुवायचं न्हाय? परक्याच्या दारात असं मळकं पाठवायचं? काय म्हनतील ते लोक?"

"धुतला की वाटेत कुजतो. कोरडाच पुसायचा, पोत्याच्या तुकड्याने."

"आमच्या घरातनं पाव्हण्याकडं भाकरी जाती ती बी फडक्यात बांधून जाती ताई. रीत असती."

"इथली रीत कोरडी आहे," मी म्हणाले आणि विषय संपवला. मला वाटलं, संपला.

मग मी नियम सांगितले. माती नको. पाणी नको. हिरवा पडलेला नको. किडका नको. कापलेला नको. लहान-मोठा एकत्र नको. साल अंगठ्याने रेटून बघायची. सुटली तर तो बटाटा कच्चा, तो बाजूला. मोठेपणा मोजायला लोखंडी कडी होती. कड्यातून जो बटाटा खाली पडतो तो लहान, अडकतो तो दुबईचा. बायकांना हे दोन दिवसांत इतकं अंगवळणी पडलं की कडं हातात न घेता नुसत्या नजरेने बाजूला करायला लागल्या.

माल बहुतेक कळस गावच्या तात्यांचा होता. त्यांच्या जोडीला दोनतीन छोटे शेतकरी. तात्या साठीचे, कारखान्याचे जुने सभासद, आणि त्यांनी उसाची जमीन मोडून बटाटा लावला होता. आमच्या भागात ही साधी गोष्ट नाही. ऊस लावणारा माणूस रात्री निवांत झोपतो. बटाटा लावणाऱ्याकडे गाव बघायला येतं. तात्यांचे मेहुणे तर रोज बांधावर येऊन उभे राहायचे.

"काय तात्या, दुबईचा शेख येनार हाय म्हनं वरात घेऊन?"

"येईल की. तुमाला करवली म्हनून पाठवतो."

मी पहिल्यांदा शेतावर गेले तेव्हा तात्यांनी मला विचारलं, "बाई, आपला बटाटा तिकडं जानार, तर त्यांचा हिकडं येनार न्हाय कशावरनं? पेपरात रोज येतंय, आता सगळी दारं उघडी म्हनून."

मी म्हणाले, "जहाजाचं भाडं घालून आलेला बटाटा तुमच्या बटाट्यापुढे टिकणार नाही."

हे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं. ते अर्धंच खरं ठरलं. त्याबद्दल पुढे येईलच.

तात्यांनी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. वेल आधी कापले, साल पक्की व्हायला वेळ दिला, उन्हं तापायच्या आत काढणी केली. काढलेल्या बटाट्याचं त्यांनी शेताच्या कडेला, झाडाच्या सावलीत आरण घातलं. आरण म्हणजे बटाट्याचा लांबट ढीग, वरून कडुनिंबाच्या पाल्याने आणि पाचटाने झाकलेला. बटाट्यावर एक बारीक पाकोळी बसते, अंडी घालते आणि अळी आत शिरते. कडुनिंबाच्या वासाने ती फिरकत नाही. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरांना चालायला येतं तसं हे येतं. आरण बघून मीही मान डोलावली आणि पुढे गेले.

माल शेडमध्ये आला, पुसला, निवडला, तागाच्या लहान गोण्यांत भरला, तोंडं शिवली. कंटेनर यायला एक दिवस उशीर झाला. मी त्या दिवशी कागदपत्रांसाठी पुण्याला गेले होते. परत आले तेव्हा गोण्यांची थप्पी होती तशीच होती, फक्त जरा जास्त नीट शिवलेली वाटली. मी बायकांचं कौतुकही केलं. साखराबाई गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंटेनर आला. एवढा मोठा डबा आमच्या रस्त्याला तेव्हा नवीन होता. समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहाचे कप हातात घेऊन बघायला आली. ड्रायव्हर म्हणाला, नारळ फोडल्याशिवाय मी दार उघडत नाही. आबांनी नारळ माझ्या हातात दिला.

"फोडा. पहिला कंटेनर तुमचा हाय."

"आबा, आमच्या घरात छप्पन सालापासून नारळ फक्त चटणीसाठी फोडतात."

आबा मोठ्याने हसले. "मग मी फोडतो, तुमी चटणी करा."

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. परदेशी जाणाऱ्या शेतमालाला सरकारी दाखला लागतो, की या मालात कीड नाही, रोग नाही. तो दाखला नसेल तर तिकडचं बंदर मालाला हात लावत नाही. साहेब पुण्याहून आले होते, पन्नाशीचे, शांत. त्यांना आमच्यानंतर बारामतीकडे द्राक्षं तपासायची होती. त्यांनी थप्पीच्या मधली एक गोणी काढायला लावली, ताडपत्रीवर रिकामी करायला सांगितली.

बटाटे घरंगळले. छान, मोठे, कोरडे, एकसारखे. कासमभाईंचा रुमाल पांढरा राहिला असता असे. आणि सगळ्यात शेवटी तळातून हिरव्यागार पाल्याचा एक झुबका बाहेर पडला.

 साहेबांनी एक डहाळी उचलली.

"हे काय?"

मला खरंच कळलं नव्हतं. उत्तर दिलं माल चढवायला आलेल्या तात्यांनी, छाती पुढे काढून. "कडुनिंब साहेब. पाकोळी लागत न्हाय."

"ते मला माहीत आहे. माझ्याही घरी गव्हात घालतात. पण मी दाखल्यावर लिहितो की मालात पाला नाही, माती नाही. खाली सही माझी असते." त्यांनी दुसरी गोणी काढायला लावली. तिच्यातही पाला. तिसरी. तिच्यातही.

"तिसरी तात्यांची नाही," मी म्हणाले. "ती पळसदेवच्या शेतकऱ्याची आहे. त्यात कसा?"

मागून साखराबाईंचा आवाज आला. "तात्यांनी पाला आनला हुता त्यांच्यापुरता. मी म्हनलं, एकाच्या मालाला घालायचा आन दुसऱ्याच्या न्हाय, बरं दिसतं का ते? समद्यास्नी घातला."

"सगळ्या गोण्यांना?"

"मग? एवढ्या लांब चाललंय. तिकडं कोन हाय बघायला?"

"साखराबाई, मी सगळं सांगितलं होतं ना, काय काय नको ते!"

"माती म्हनला, पानी म्हनला, किडकं म्हनला. पाला म्हनला न्हवता."

हे अगदी खरं होतं. पाला नको, असं सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि पाला घातला हे मला सांगावं हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. घरी कुणी आमटीत मीठ घातल्याची वर्दी देत नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मी बारामतीहून पाच वाजता याच रस्त्याने परत येतो. तेव्हा माल साफ असेल तर बघेन. नसेल तर आज माझ्याकडून होणार नाही." ड्रायव्हरने सांगितलं, संध्याकाळी निघालो नाही तर जहाज मिळणार नाही. जहाज गेलं की फट बुजली. पुढच्या जहाजापर्यंत दुबईवाला दुसऱ्याचा माल घेणार.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ द्या. मी द्राक्षाचा मानूस. उगा बटाट्याच्या नादाला लागलो."

"पाच वाजेपर्यंत मला काही सांगू नका," मी म्हणाले. मालकाशी असं बोलायचं नसतं. पण त्यांना समजवायला वेळ नव्हता.

प्रत्येक गोणी उसवायची, ओतायची, पाला काढायचा, बटाटे परत पुसायचे, भरायचे, शिवायचे. पंचवीस बायकांना हे पाच वाजेपर्यंत जमणारं नव्हतं. आणखी माणसं हवी होती आणि साखर हंगामात आमच्याकडे दुपारी मोकळं माणूस मिळत नाही. ज्याला दोन हात आहेत तो फडात असतो. मग आठवलं, भिगवणला उजनी धरणातल्या माशांचा बाजार भरतो, तिथल्या मासळीवाल्या. सकाळचा लिलाव झाला, टोपल्या रिकाम्या झाल्या की त्या मोकळ्या असतात. मी मोपेड काढली.

हौसाबाई बाजाराच्या तोंडाशी जाळं शिवत बसल्या होत्या. मासळीच्या बायकांत त्यांचा शब्द चालायचा. मी काम सांगितलं. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आमच्या वासानं एस्टीत शेजारी कुनी बसत न्हाय. आन तुमी दुबईचं बटाटं आमच्या हातात देनार?"

"हात धुवून या."

"राखंनं का साबनानं का लिंबानं?"

"तिन्हींनी."

"मजुरी?"

"अर्ध्या दिवसाला पूर्ण दिवसाची."

"उठा गं!" हौसाबाईंनी हाक दिली. त्या टेम्पोत बसून माझ्याआधी शेडवर पोचल्या.

मी दोन दोन बायकांच्या जोड्या लावल्या. एक उसवणारी, एक पुसणारी. भरलेल्या गोण्या एका टोकाला, तिथे हौसाबाईंच्या बायका दाभण-सुतळी घेऊन. जन्मभर जाळी विणलेले हात, सुतळी त्यांच्या हातात दोऱ्यासारखी पळत होती. साखराबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांना राग आला होता की वाईट वाटत होतं हे मी विचारलं नाही. विचारत बसण्याची ती वेळ नव्हती.

तासाभराने त्याच उठल्या. एका जोडीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, तळाचाच काय काढतीस? मधी बी हाय."

मी वळले. "मध्ये पण?"

"तळाला झुबका आन मधी दोन डहाळ्या. वरच्या बटाट्यांनी काय पाप केलंय?"

म्हणजे झालेल्या गोण्या पुन्हा उघडणं आलं. मी काही बोलायच्या आत साखराबाईंनी पदर खोचला आणि त्या ढिगाच्या मधोमध बसल्या. त्यानंतर शेडचा कारभार त्यांनी चालवला. पाला कुठे, किती, कुठल्या गोणीत हाताने चोळून घातलाय आणि कुठल्या गोणीत सबंध फांदीच घातलीय, हे एकट्या त्यांना माहीत होतं. "ती बारकी गोनी बघ, तिच्यात जास्तीचा हाय, तिला मायेनं घातला हुता," असं त्या ओरडायच्या आणि मासळीवाल्या हसून लोळायच्या. हौसाबाई म्हणाल्या, "आक्का, आमच्या माशांना बी घाला की जरा मायेनं. दुपारनंतर कुनी इचारत न्हाय त्यास्नी."

तीनच्या सुमाराला तात्यांचे मेहुणे आले. कळसपर्यंत बातमी पोचली होती आणि गंमत बघायची संधी ते सोडणार नव्हते.

"काय तात्या, शेख आला का न्हाय?"

तात्यांनी मान वर केली नाही. सकाळपासून ते गोण्या उचलत होते, पाठ धरली होती. पाला आपण आणला हे त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि माल इथेच राहिला तर पुढच्या वर्षी त्या जमिनीत पुन्हा ऊस येणार हे त्यांनाही माहीत होतं. मीच मेहुण्यांना म्हणाले, "शेख यायचाय अजून. तोवर तुम्ही त्या टोकाच्या गोण्या कंटेनरपाशी नेऊन ठेवा."

"मी?"

"करवलीला काम करावं लागतं," तात्या खालच्या आवाजात म्हणाले. शेडभर हशा झाला. मेहुणे दोन मिनिटं उभे राहिले, मग टोपी खिशात घालून त्यांनी गोणी खांद्यावर घेतली. संध्याकाळपर्यंत ते थांबले.

साहेब आले तेव्हा शेवटच्या काही गोण्या शिवल्या जात होत्या. त्यांनी समोरच्या गोण्यांकडे बघितलंही नाही. कंटेनरमध्ये आत चढले, पार मागच्या रांगेतली एक काढायला लावली, मधली एक, दाराजवळची एक. तिन्ही ताडपत्रीवर ओतल्या. बटाटे, बटाटे, बटाटे. साहेबांनी एक उचलला, नखाने खरवडून बघितला, मग नाकाशी नेला. 

"मासळीचा वास येतोय."

"भिगवणचा माल आहे साहेब," मी म्हणाले. "वासाबद्दल दाखल्यात काही असतं का?"

त्यांनी जरा विचार केला. तो विनोद होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. "पाल्याबद्दल असतं. मातीबद्दल असतं. वासाबद्दल नसतं," ते म्हणाले, आणि त्यांनी कंटेनरच्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली.

कंटेनर निघाला. पाल्याचा ढीग शेडमागे टाकला होता, आसपासच्या शेळ्यांनी दोन दिवसांत तो साफ केला.

पण प्रश्न सुटला नव्हता. माल बंदरातून निघणं वेगळं आणि तिकडे नीट उतरणं वेगळं. एवढी उसवाउसव, पुसापुसी झालेला बटाटा वाटेत टिकेल का? शिवाय आता त्याला पाकोळीपासून राखायला पालाही नव्हता, हे साखराबाई दिवसातून एकदा तरी मला ऐकवायच्या. थंड कंटेनरमध्ये पाकोळी जगत नाही हे मी सांगायचे. त्या म्हणायच्या, "बगू." आबा काहीच म्हणायचे नाहीत, फक्त शेडच्या कुलपाला तेल घालून ठेवलेलं मला दिसलं.

उजनीचं पाणी उतरायला लागलं होतं तेव्हा एक दिवस कासमभाईंचा फोन आला.

"मॅडम, माल एक नंबर. पार्टी खूश. अजून दोन कंटेनर मागतोय, लवकर."

मी खुर्चीत बसले. तोवर उभी होते हे तेव्हा कळलं.

"एक बात और है," कासमभाई म्हणाले. "एका गोणीत पत्ता निकला. नीम का."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. गोदामात आपला एक रत्नागिरीचा माणूस आहे. त्याने गोणी खोलली, डहाळी बघितली आणि नाचायलाच लागला. बोलला, उद्या पाडवा आहे, इथे कडुनिंब कुठून आणू म्हणून हैराण होतो. सुकली होती, तरी कागदात लपेटून घरी घेऊन गेला. मालक मला विचारतो, ये पत्ता अगली बार भी भेजोगे क्या?"

"नाही," मी म्हणाले.

"मैंने भी वही बोला."

नियमाने पाहिलं तर ती चूकच होती, आणि तिकडच्या बंदरातल्या तपासनीसाच्या हाती ती डहाळी लागली असती तर फोन वेगळा आला असता. कामात नशीब असतं हे मला मान्य करायला आवडत नाही, पण असतं. मी आबांना फक्त मालाचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि दुसऱ्या दिवशी बटाट्यासाठी आणखी दोन पंखे बसवून घेतले. साखराबाईंना मी पाल्याचं अजिबात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या कंटेनरला त्यांनी झाड मुळासकट घातलं असतं.

त्यानंतर आमची शेड काही हंगाम चांगली चालली. मी प्रत्येक गोणीच्या तळात हात घालून बघायचे आणि साखराबाई शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "बगा, बगा, न्हाय घातला." नियमांच्या यादीत पाला पहिल्या नंबरवर गेला. हौसाबाईंच्या दोन सुना कायमच्या शेडमध्ये आल्या. हात मात्र रोज तिन्हींनी धुवायच्या. तात्यांचं बघून मेहुण्यांनीही उसाच्या कडेला बटाटा लावला. पुढे तेच गावाला निर्यातीवर व्याख्यान द्यायचे आणि तात्या मागे बसून तंबाखू मळायचे.

मग एका वर्षी देशात बटाटा महागला. दुबईला पाठवण्यापेक्षा पुण्याला पाठवणं परवडायला लागलं, कंटेनरला कुणी विचारेना. पुढच्या वर्षी उत्तरेत इतका पिकला की आमच्या आधी त्यांचाच माल बंदरात जाऊन उभा राहिला. एकदा आमचं भरायला उशीर झाला आणि इजिप्तवाले आत शिरले. फट एकदा दुसऱ्याने भरली की ती पुन्हा आपल्यासाठी उघडत नाही. गिऱ्हाईक दरवर्षी येणाऱ्याला ओळखतं, मधूनच उगवणाऱ्याला नाही. देश म्हणून आपण हेच करत आलो. उरलं तर पाठवलं, उरलं नाही तर नाही.

आणि तात्यांना मी दिलेलं उत्तर? शहरांतल्या नव्या हॉटेलांना तळायला लांबट, कमी साखरेचा बटाटा लागायचा. तो आपल्याकडे तेव्हा मिळेना, म्हणून कापलेल्या, गोठवलेल्या फोडी जहाजाने यायला लागल्या. अख्खा बटाटा आला नाही, चिरून आला. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आपन त्यास्नी न चिरता देतो आन ते आपल्याला चिरून देत्यात. शानं कोन म्हनायचं?" आपणही चिरून का पाठवू नये, हे मी आबांना एकदोनदा सुचवलं. आबा द्राक्षाचे माणूस ते द्राक्षाचेच राहिले. तेव्हा मी जास्त जोर लावायला हवा होता असं कधीकधी वाटतं. मग कामं येतात आणि विसरायला होतं.

आता मी एका शीतगृहाचं काम बघते. तिथे सगळं असतं, बटाटा सोडून. आबांच्या त्या शेडमध्ये आता बेदाणा ठेवतात. तात्या गेले, त्यांची मुलं ऊस लावतात. साखराबाई आहेत, नव्वदीच्या आसपास, कान तेवढे कमी झालेत. त्यांची नात शिक्षिका आहे आणि दरवर्षी दिवाळी अंक त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे हेही वाचून होणार.

तर साखराबाई, ऐका. पहिल्या कंटेनरमधल्या एका गोणीत तुमचा पाला राहिला होता. तो दुबईला पोचला, नेमका पाडव्याच्या आदल्या दिवशी, आणि एका घरात कामाला आला. हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. पाला घालायला आता गोणीच राहिलेली नाही.